एक पोतं कमी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. गावभागातल्या माणसाला हे आकडे स्वतःच्या रक्तदाबापेक्षा पक्के पाठ असतात. त्यामुळे मागच्या वर्षी मेअखेरीला माझ्या कॉम्प्युटरवरची ‘सी’ ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या नानांनी मान वळवून विचारलं, ‘‘धोक्याच्या वर गेलं काय रे?’’, तेव्हा मला हसू आलं नाही. मी म्हटलं, ‘‘गेलं.’’

दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज ती पट्टी लाल करतं. माझ्या ९७ जीबीच्या सीमध्ये साडेचार जीबी उरले होते. कोरल हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडायला चहा पिऊन होई आणि फाइल सेव्ह करताना जागा नसल्याची कुरकुर चालू व्हायची. माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, वास्तुशांत, उत्तरकार्याची कार्डं, अडत्यांची बिलबुकं, यात्रेचे फ्लेक्स. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि दुकानात नाना. लगीनसराई उतरणीला लागली होती, मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. जे काय करायचं ते पाऊस लागायच्या आत करायचं, असं मी ठरवलं. आमच्याकडं सगळीच कामं याच हिशेबानं ठरतात.

हे मशीन २०११ मधलं. जिथून असेंबल करून घेतलं तिथल्या पोरानं विंडोज टाकताना मला विचारलं होतं, ‘‘पार्टिशन किती पाडू?’’ मला काय कळतंय? शेजारच्याकडं चार होती म्हणून मी म्हटलं, ‘‘चार पाड.’’ त्यानं सीसाठी एक लाख एमबी टाकले. कॉम्प्युटर १०२४ नं भागतो, म्हणून त्याचे ९७.६ जीबी झाले. उरलेल्याचे त्यानं डी, ई, एफ असे तीन सारखे भाग केले, प्रत्येकी साधारण १२२ जीबी. मी मोठ्या हौसेनं नावं दिली. डी म्हणजे ‘घर’, ई म्हणजे ‘काम’, एफ म्हणजे ‘बॅकअप’.

एफवर जरा थांबतो, कारण तो माझ्या अकलेचा पुरावा आहे. ज्या डिस्कवर काम, त्याच डिस्कवर कामाचा बॅकअप. म्हणजे घराची दुसरी किल्ली कपाटात ठेवून घराला कुलूप लावून बाहेर पडायचं. डिस्क गेली की काम आणि बॅकअप हातात हात घालून जाणार. हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही, दोघा-तिघांनी सांगितलं. पण एफ रिकामा दिसला की श्रीमंत असल्यासारखं वाटायचं.

वाटण्या करताना आपण सगळ्यात अडाणी असतो. २०११ मध्ये मला वाटलं होतं, घराच्या फोटोंना पुष्कळ जागा लागेल. पुढं मोबाइल आले आणि फोटो तिकडंच राहिले. कामाचा ई चिक्कार भरला, फ्लेक्सची एकेक फाइल अर्धा जीबीची होऊ लागली. आणि सी, ज्याला वाटलं होतं काही लागणार नाही, तो विंडोज ७ वरून १० वर गेल्यावर फुगत फुगत गेला. डेस्कटॉपवर टाकलेलं सगळं सीमध्येच बसतं हे मला कळलं तेव्हा माझा डेस्कटॉप २२ जीबीचा झाला होता.

नव्या डिस्कचं खोकं घेऊन आलो तर नानांनी ते हातात तोलून बघितलं. आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून काम केलेला माणूस कुठलीही वस्तू आधी हातात तोलतो. ‘‘किती?’’

‘‘एक टीबी. हजार जीबी.’’

जोडल्यावर स्क्रीनवर आलं ९३१. नाना चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत राहिले. ‘‘एकोणसत्तर तूट?’’

तूट हा यार्डातला शब्द. माल वाळतो, गळतो, हमालाच्या आकड्यानं पोतं फाटतं, म्हणून वजनात थोडी तूट धरतातच. पण ही तशी तूट नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव मात्र तेच लावतं. माल तेवढाच, मापं दोन. हे ऐकून नानांचा चेहरा उजळला. ‘‘मग तसं म्हण की. बंगाली मण आणि आपला मण.’’ एवढ्या वर्षांत इतक्या गिऱ्हाइकांना हे समजावताना मी घसा कोरडा केला होता, ते त्यांनी एका वाक्यात मिटवलं.

पण मी पुढं गेलो. आधी कॅबिनेट उघडलं ते सांगायला हवं. बाजूचा पत्रा काढला तर आत तळाला पिवळट मातीचा पापुद्रा. ती २०१९ ची माती. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी दारात आलं तेव्हा मी हे कॅबिनेट पोटाशी धरून वरच्या मजल्यावर नेलं, पण जिन्यात एकदा पाय घसरला आणि कॅबिनेटचा खालचा कोपरा पाण्यात टेकला होता. तेवढीच. पुसून घेतली असं मला वाटत होतं. पॉवर सप्लायच्या जाळीत पालीची दोन अंडी होती, पांढरी, खडूच्या गोळ्यांसारखी. काढलेले स्क्रू भडंगाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणात टाकले. साटाची लाल केबल जुन्या डिस्कमधून ओढली तर तिची चिमटी तुटलेली, नुसती आपल्या मर्जीनं बसलेली. सात वायरींची ती पट्टी. माझं १४ वर्षांचं पोट त्या तुटक्या चिमटीवर लटकत होतं.

नवी डिस्क जोडली. विंडोजनं विचारलं, एमबीआर की जीपीटी? जुनी डिस्क एमबीआर. त्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटमध्ये, वाटणीची नोंद असते आणि तिच्या वाट्याला येतात फक्त ६४ बाइट. एका हिश्श्याला १६ बाइट, म्हणून मुख्य हिस्से चारच. कुठून सुरू, किती लांब, कुठल्या जातीचा, एवढंच लिहायचं. त्यातल्या आकड्यांची झेपही २ टीबीपर्यंतच. जीपीटीत विंडोज १२८ हिस्से देतं आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं.

‘‘म्हणजे सातबारा,’’ नाना म्हणाले.

सातबाराच. पार्टिशन पुसलं की डेटा जातो असं लोक समजतात. तसं नाही. पुसली जाते ती नोंद. रानात ऊस तसाच उभा असतो, फक्त कागदावर मालक नाही. म्हणून पुसलेली पार्टिशनं परत मिळू शकतात आणि म्हणूनच त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर नवीन काही लिहिणं घातक. ‘‘दुसरी प्रत असलेला घे,’’ नानांनी निकाल दिला. मी जीपीटी घेतलं.

पहिला बेत असा होता. डी मधलं घर नव्या डिस्कवर न्यायचं, डी मोडायचा आणि ती जागा सीला द्यायची. एफ तर आधीच रिकामा होता, मग एफची जागा का नाही दिली, असं माझ्या बायकोनं विचारलं आणि प्रश्न अगदी रास्त होता. तर, सीला लागून डी, डीला लागून ई आणि सगळ्यात शेवटी एफ. पार्टिशन वाढवायचं तर मोकळी जागा त्याला चिकटून उजव्या अंगाला पाहिजे. हरिपूर रोडला मोकळा प्लॉट असून गावभागातली खोली मोठी होत नाही. एफची जागा सीपर्यंत आणायची तर डी आणि ई अख्खेच्या अख्खे उजवीकडं सरकवायचे. सरकवायचे म्हणजे नोंद बदलून भागत नाही. त्यातला प्रत्येक बाइट उचलून पुढं ठेवायचा, तास न् तास, आणि मध्येच लाईट गेली की अर्धं इकडं, अर्धं तिकडं आणि नोंद कुठलीच खरी नाही. जूनच्या तोंडावर, पहिल्या वळवाच्या दिवसांत, हे करायची माझी छाती नव्हती.

डीची कॉपी पावणेदोन तासांत झाली. दोन्हीकडं उजवं क्लिक करून फाइलींची संख्या बघितली, जुळली, आणि मी उत्साहात डी उडवला. आता सीवर उजवं क्लिक, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’.

ती ओळ राखाडी. दाबताच येईना.

सीला खेटून १२२ जीबी मोकळी जागा दिसत होती आणि सीला ती घेता येत नव्हती. वीस मिनिटं मी स्क्रीनकडं बघत बसलो. मग लक्षात आलं की जागेचा रंग वेगळा आहे. खरोखर बेवारस जागा विंडोज काळ्या पट्टीत दाखवतं. ही हिरवी होती, गडद हिरव्या चौकटीच्या आत फिकी हिरवी. एमबीआरमध्ये मुख्य हिस्से चारच, म्हणून एका मुख्य हिश्श्याला ‘एक्स्टेंडेड’ करतात आणि त्याच्या पोटात हवे तेवढे लॉजिकल हिस्से पाडतात. माझे डी, ई, एफ हे तिघंही असे पोटहिस्से. डी मोडला तरी त्याची जागा त्या गटाच्या कुंपणाच्या आतच राहिली. सी कुंपणाच्या बाहेरचा. त्याच्या उंबऱ्याला लागून जमीन पडीक आहे, पण ती सामाईक गटातली आहे.

हे नानांना सांगावं लागलं नाही. ते मागं उभे होते. ‘‘आधी कुंपण सरकवायचं, मग बांध. थोरल्या चुलत्यानं बरोब्बर उलटं केलं म्हणून तर बावीस वर्षं कोर्टात गेली.’’ हा विषय आमच्या घरात सुरू झाला की संपत नाही, म्हणून मी पेन ड्राइव्ह शोधायला उठलो.

कुंपण विंडोजला सरकवता येत नाही. त्यासाठी जीपार्टेड नावाची फुकट मिळणारी वस्तू आहे. ती पेन ड्राइव्हवर टाकायची आणि मशीन त्यावरून चालू करायचं, म्हणजे डिस्कवरचं विंडोज झोपलेलं राहतं आणि त्याच्या अंगाखालची सतरंजी ओढता येते. पहिल्यांदा सीपुढं पिवळा त्रिकोण आला. विंडोज १० बंद करताना पुरतं बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून अर्धवट झोपतं, आणि अशा अर्धवट झोपलेल्या सीला जीपार्टेड हात लावत नाही. परत विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं. मग त्रिकोण गेला.

त्या प्रोग्रॅमची एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही कुंपण ओढा, हिस्सा ताणा, काहीही करा, तो लगेच करत नाही. खाली यादी करत जातो. हे करायचंय, मग ते करायचंय. तुम्ही ‘अप्लाय’ म्हणेपर्यंत डिस्कवरचा एक कणही हलत नाही. फेरफार नोंदीसारखं, हरकत घ्यायला अवधी. मी दोन ओळींची यादी चार वेळा वाचली. इन्व्हर्टरचा दिवा हिरवा आहे ना बघितलं. दाबलं.

चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुंपणाची डावी कड उजवीकडं गेली, आत काही नव्हतंच, त्यामुळं फक्त नोंद बदलली. सी पसरून २२० जीबीचा झाला. विंडोज चालू होताना काळ्या स्क्रीनवर डिस्क तपासणीचे टक्के पळू लागले, ते मात्र मी श्वास धरून बघितले. मग आला. पट्टी निळी. गावात पाणी उतरल्यावर लोक जसे उगाच पुलावर चक्कर मारायला जातात, तसा मी त्या दिवशी दहा-बारा वेळा ‘धिस पीसी’ उघडून पट्टी बघितली.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

रात्री वाटलं, एवढी नवी डिस्क आहे तर ई पण हलवू, कामाचा. कॉपी-पेस्टपेक्षा भाच्यानं सांगितलेली रोबोकॉपी वापरू. हा विंडोजमधलाच काळ्या खिडकीतला हुकूम. कुठून, कुठं, पोटातल्या फोल्डरांसह, एवढं सांगितलं की कामाला लागतो. दाबलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर गडी एकाच फाइलवर अडलेला. एरर, ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’. म्हणजे डिस्कवर जे लिहिलंय ते आणि त्याच्या तपासणीचा आकडा जुळत नाही, वाचताच येत नाही. खाली लिहिलेलं, ३० सेकंद थांबतो, पुन्हा बघतो. रात्रभर तो तेच करत होता.

भाच्याला फोन लावला. तो वालचंदला इंजिनिअरिंगला आहे. तो हसायलाच लागला. ‘‘मामा, तुम्ही किती वेळा प्रयत्न कर ते सांगितलंच नाही. न सांगता सोडलं तर तो दहा लाख वेळा करतोय.’’ दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केला, ३४७ दिवस. पुढच्या लगीनसराईपर्यंत त्या एका फाइलच्या दारात धरणं धरून बसायची तयारी. नाना म्हणाले, ‘‘हा दिवाणजी चांगला आहे. ह्याला काढू नको.’’

बंद करून एकदाच प्रयत्न करायला सांगितलं आणि परत सोडलं. दुपारी शेवटाला त्यानं तक्ता दिला. मला तो तक्ता नुसता मजकूर वाटायचा, पण नानांनी तो खुर्ची ओढून वाचला. आडव्या ओळी चार, फोल्डर, फाइली, बाइट, वेळ. उभे रकाने सहा. एकूण, कॉपी केले, वगळले, विजोड, फसले आणि जादा. ‘‘हे तर आमचंच आवक-जावक,’’ म्हणाले. मग बोट फाइलींच्या ओळीवरून सरकत पाचव्या रकान्यावर थांबलं. फसले : १.

मी फाइलचं नाव बघितलं. एका गणेश मंडळाचं २०१४ चं पावती पुस्तक. मंडळ आता आहे की नाही ठाऊक नाही. असलं तरी ते पावत्या दुसरीकडं छापतात आणि माझे शंभर रुपये अजून द्यायचे आहेत. पन्नास हजारांच्या आसपास फाइलींतली एक फाइल. मी म्हटलं, ‘‘सोडा नाना, कामाची नाही.’’

‘‘कामाची आहे का हे मी विचारलंच नाही.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधीही ऐकलं होतं, पण असं बसून कधी नाही. हरिपुरातली पेवं. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथली ती माती अशी, की जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खड्डा घ्यावा, तोंडाशी अरुंद, खाली रांजणासारखा फुगत गेलेला, आणि त्यात हळद वर्षानुवर्षं टिकावी, कीड नाही, बुरशी नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते. थांबायचं, कंदील सोडून बघायचं, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. आणि वर तोंडाशी दिवाणजी चोपडी घेऊन बसलेला. एकेक पोतं वर आलं की एक उभी रेघ, पाचव्याला आडवी. भरताना आत किती गेली, निघताना किती आली. ‘‘मालाला हात हमालाचा लागतो, आपला नुसता डोळा,’’ असं नाना म्हणतात.

एकदा एक पोतं कमी भरलं. संध्याकाळ झालेली, गाड्या जुंपलेल्या. मालक स्वतः म्हणाले, जाऊ द्या दिवाणजी, तुटीत धरा. नाना उठले नाहीत. त्यांचं म्हणणं, तूट किलोत असते, पोत्यात नसते. एक पोतं कमी म्हणजे एक पोतं कुठंतरी आहे. तासाभरानं सापडलं. हमालांतलाच एक जण लिंबाखाली त्याच पोत्यावर बसून भाकरी खात होता.

ती पेवं २००५ च्या पुरात गेली. पाणी आत शिरलं, हळद कुजली, बरीच परत कधी भरलीच नाहीत. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ ला. नाना त्यावर एवढंच म्हणतात, ‘‘नाव लावायला आले तोवर घर पडलं होतं.’’

तर फाइल. भाचा संध्याकाळी आला. त्यानं पावती पुस्तकाचं नावही विचारलं नाही. आधी एक छोटा प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघितली. पिवळा चौकोन, ‘कॉशन’. डिस्क स्वतःच स्वतःची वही ठेवत असते, कुठले सेक्टर वाचता येईनात, कुठल्यांच्या बदली राखीवातले वापरले. माझ्या डिस्कच्या वहीत काही सेक्टर ‘पेंडिंग’ म्हणून लिहिलेले. म्हणजे खटला चालू, निकाल नाही.

‘‘मामा, हे आधी बघायचं असतंय.’’

हे वाक्य त्यानं फार हळू म्हटलं म्हणून जास्त लागलं. सगळ्यात आधी जे करायचं ते मी सगळ्यात शेवटी केलं होतं. कुंपण सरकवलं, बांध सरकवला, सीला ऐसपैस खोली दिली, आणि ती सगळी आजारी घरात. त्या दिवशी जीपार्टेडच्या वाटेत त्यातला एखादा सेक्टर आला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरता केलेला नाही.

आमच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. २०१९ ला त्याचं मशीन खालीच राहिलं. हार्ड डिस्क हवाबंद असते असा आमचा सगळ्यांचा समज. बहुतेक डिस्कांना हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्याच्याशेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलंही असतं. त्यातून पाणी गेलं, गाळ गेला. त्यानं ती डिस्क गच्चीवर पापडांसारखी उन्हात वाळवली आणि एका दुकानात दिली. तिथल्यानं लगेच जोडून चालू केली. आत तबकडीवर वाळलेला गाळ आणि वर मिनिटाला हजारो फेऱ्या. ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला तो मी स्वतः ऐकला. अशी डिस्क चालू करायची नसते, वाळवायचीही नसते, ओलसर असतानाच पिशवीत बांधून जाणकाराकडं न्यायची असते, हे आम्हाला नंतर कळलं. चारशेच्या वर लग्नं होती त्यात. त्याच्याकडं अल्बम मागायला येणाऱ्यांना तो अजून ‘पुरात गेलं’ एवढंच सांगतो. लोकही पुढं काही विचारत नाहीत.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी २४० जीबीची एक एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, आणली आणि सी तिच्यावर उचलून नेला. विंडोजच्या मापात ती २२३ ची आणि मी ताणून ठेवलेला सी २२० चा. बसला. थोडा आणखी हव्यास केला असता तर पुन्हा आवळावा लागला असता. त्यात काय काय भानगडी झाल्या ते सांगत बसत नाही, एकदा मशीन चालूच झालं नाही आणि कुणीही जेवलं नाही, एवढं पुरे.

राहिलं एक पोतं.

मी ती फाइल मनातून सोडली होती. नानांनी नव्हती. ते रोज सकाळी दुकानात येऊन विचारत, ‘‘मिळालं?’’ चौथ्या दिवशी मी वैतागून नव्या डिस्कवर त्या मंडळाच्या नावानं शोध लावला, नुसता त्यांना दाखवायला की बघा, नाही. आणि आलं. ‘घर’मध्ये. फोटोंच्या शेजारी ‘जुना डेस्कटॉप’ नावाचं फोल्डर, त्यात ‘नवीन फोल्डर (७)’, त्यात ‘फायनल’, त्यात ‘फायनल खरं’. विंडोज १० टाकायच्या आदल्या रात्री घाबरून मी डेस्कटॉपवरचं सगळं डीमध्ये कोंबलं होतं, त्यात हे पावती पुस्तकही गेलं होतं. तारीख तीच, आकार तोच. उघडून बघितलं. उंदरावर बसलेला गणपती, खाली ‘सन २०१४’, पावती क्रमांकाची रिकामी जागा आणि ‘अध्यक्ष’ शब्दातली मी तेव्हा केलेली चूक, तशीच्या तशी.

नाना वाकून बघत होते. ‘‘हमाल बसला होता म्हण की त्याच्यावर.’’ मग तो फोल्डरांचा पसारा बघून म्हणाले, ‘‘हिशेब जुळला. पण दुकान घाण आहे.’’

जुनी डिस्क मी काढून घेतली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली. हातात घेतली तर नव्या डिस्कएवढीच जड. वरच्या मजल्यावर माळ्याला २०१९ च्या पाण्याची खूण नाही, तिथं ठेवायला निघालो तर नानांनी थांबवलं. खिशातून चोपडी काढली, यार्ड सुटून इतकी वर्षं झाली तरी ती असतेच, आणि मला आकडे सांगायला लावले. तारीख. आत किती. बाहेर किती. फसले एक, तेही मिळाले, कुठं मिळाले ते कंसात. शेवटचा रकाना शिल्लक. तिथं ते नेहमी ‘निरंक’ लिहितात, वळणदार, खाली दोन रेघा मारून. पेन टेकवलं आणि थांबले.

‘‘पुसणार आहेस काय ती?’’

‘‘नाही. राहू दे वर्षभर.’’

मग त्यांनी निरंक लिहिलं नाही. ‘माळ्यावर’ असं लिहिलं आणि चोपडी खिशात घातली.